पारबतामायला बारशाचं बोलावणं

पारबतामायच्या टोपलीत भाजीच्या खाली एक दुधी भोपळा असायचा, आणि तो विकायचा नसायचा. नवीन माणूस हमखास फसायचं. वांगी घेतली, मेथी घेतली, अन् हात खाली गेला की पारबतामाय त्या हातावर चापट मारायची.

"तो नाई. तो लेकरू हाय."

गिऱ्हाईक हसायचं. तीही हसायची, पण भोपळा काही द्यायची नाही. दहा-पंधरा दिवसांनी तो सुकायला लागला की नवा घ्यायची. जुना मात्र शिजवायची नाही, की गुरांनाही घालायची नाही. बांधावर नेऊन ठेवायची आणि मागं वळून न बघता यायची.

मी त्या गावात शाळामास्तरीण म्हणून गेले तेव्हा महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षंच झाली होती. संग्रामपूरहून पायी तासाभराची वाट. उत्तरेला सातपुडा, गावाभोवती ज्वारी-कपाशी, आणि नाल्याच्या अंगाला माळ्यांचे मळे. हे शेगावला कापसाच्या एका जिनात कारकून होते, शनिवारी यायचे. मला मिळालेल्या दोन खोल्यांचं मागचं दार पारबतामायच्या मळ्यात उघडायचं. ती तिथंच झोपडी घालून एकटी राहायची. नवरा होता, गावात घरही होतं, पण ती मळ्यात. मी पहिल्या आठवड्यातच विचारलं, काहून? तर म्हणाली, "वांग्याईले राखन लागते." झालं. संपला विषय.

उंच, वाळकी बाई. डोक्यावर टोपली असली तरी मान ताठ. भाजीशी भांडायची. दुपारी वांग्यांच्या वाफ्यात उभी राहून ओरडायची, "मेलेहो, उन्हात तोंडं काऊन पाडता? मी नाई का उन्हात?" भाव करणाऱ्याचा तिला भारी राग. "भावच कराचा अशीन तं देवासंग कर, त्यानं देल्लं हाय." आणि मग रागारागात दोन वांगी जास्तच टाकायची. असल्या रागाला काय म्हणावं बापा!

तिला मुलं किती, हे मी विचारलं ते असंच, दारात भाजी घेताना. ती म्हणाली, "चार. कोनाले तरास नाई देल्ला चौघाईनंबी." मला वाटलं, मोठी झाली असतील, आपापल्या संसाराला लागली असतील. मी वर आणखी म्हणाले, "नशीबवान आहात." माझी जीभ झडली कशी नाही तेव्हा! ती नुसती "हाव" म्हणाली आणि टोपली उचलून गेली. संध्याकाळी शेजारणीनं सांगितलं. चारही लेकरं जन्मून दहा दिवसांच्या आत गेलेली. एकाचंही बारसं झालं नव्हतं. 

आणि म्हणूनच गावाचा तिच्याबाबत एक नियम होता. जिची लेकरं जगत नाहीत, तिनं बाळंतिणीच्या खोलीत जायचं नाही. तान्ह्या मुलाला हात लावायचा नाही. बारशाला तर तिला बोलवायचंच नाही. हे कोणी पाटी लावून सांगितलेलं नव्हतं, पण तिला पाठ होतं. कडेवर मूल घेतलेली बाई समोरून आली की पारबतामाय स्वतःच रस्त्याच्या पलीकडे व्हायची आणि पाठ फिरवून उभी राहायची. मला त्याचा आजही संताप येतो. अर्धा गावावर, अर्धा माझ्यावर. माझ्यावर का, ते पुढं येईलच.

मला दिवस गेले तेव्हा मी संध्याकाळी तिच्या मळ्यात पाटाच्या कडेला पाय सोडून बसायची. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, त्यामुळे माहेरी जाण्याचा प्रश्न नव्हता. एकदा ती मिरचीला पाणी देता देता म्हणाली,

"मास्तरीनबाई, तुमच्या पुस्तकात चिकाचं काई लिवलं हाय का?"

"कुठला चीक?"

"बाईले पहिले दोन-तीन दिस येते थो. पिवळा, घट्ट."

मी म्हटलं, नाही बाई, आमच्या पुस्तकात नाही.

"मंग कायचं पुस्तक थे," ती म्हणाली आणि खाली बसली.

पूर्वी तिच्या घरची गाय व्यायली होती, त्याची गोष्ट तिनं सांगितली. गावातल्या मोठ्या घरची लेक माहेरी आली होती आणि तिला खरवस खायची इच्छा झाली. पारबतामायच्या नवऱ्यानं मोठेपणा मिळवायला पहिल्या दोन दिवसांचा सगळा चीक काढून तिकडं पोचता केला. एका घरी दिला, मग दुसऱ्या घरीही द्यावा लागला. वासराला कण्यांचं पाणी पाजलं. तिसऱ्या दिवशी वासरू उभं राहिलं, थरथरलं आणि बसलं, ते पुन्हा उठलंच नाही. म्हातारा गुराखी आला, त्यानं वासराचं तोंड उघडून पाहिलं आणि म्हणाला, "याले चीक नाई भेटला. पोटात काई आधारच नाई."

"मी तठीच बसलो," पारबतामाय म्हणाली. वऱ्हाडात बायाही 'बसलो', 'गेलो' असंच बोलतात. "गुराखी गेला, मानूस गेला, मी बसूनच राह्यलो. मायी सासू मले तीन दिस पाजू देत नव्हती. म्हने, सडकं दूध हाय थे, पांढरं आल्यावर पाजजो. टोपल्यात राख घ्याची अन् त्याच्यात चीक पिळाचा. लेकराले गुळाच्या पान्यात कापसाची वात. चार डाव, मास्तरीनबाई. अन् थे राख उकिरड्यावर फेकाले मीच जात होतो. सवताच्या पायानं."

 ती पाटातलं गवत उपटत राहिली.

"वासराचं कळलं तवा मले मायं कळलं. चौथं जाऊन दोन वर्सं झालती. सासूबी मरून गेलती. भांडू कोनासंग?"

चारही लेकरं चिकावाचूनच गेली का, ते मला सांगता येणार नाही. डॉक्टर कदाचित आणखी काही कारणं सांगतील. पण तिचा हिशेब तिच्यापुरता पक्का होता, आणि त्यात तिनं सासूचं नाव पहिलं घातलं नव्हतं, स्वतःचं घातलं होतं.

भोपळ्याची सुरुवात झाली ती सवतीपासून. नवऱ्यानं दुसरी केली तेव्हा पारबतामाय आपणहून मळ्यात राहायला आली, घरात आपली सावली नको म्हणून. सवत बाळंत झाली. एक म्हातारी आत्या राखेचं टोपलं घेऊन बसलीच होती. पारबतामाय अंगणातून ओरडली, "टाकू नोको व! पाज त्याले!" आत्यानं दार लावून घेतलं. मग ही घरामागं गेली. तिथं छातीइतका उंच एक झरोका होता. टोपलीत दुधी होता, तो तिनं पदराखाली घेतला, छातीशी धरला आणि झरोक्यातून त्या पोरीला दाखवायला लागली. डोकं असं, हात असा. ती पोरगी अठरा-एकोणीस वर्षांची, घाबरून अर्धी झालेली. आत्या चुलीकडं गेली तशी तिनं झरोक्यात बघून बघून मूल छातीला लावलं. ते पोरगं जगलं. पारबतामायला 'मोठी' म्हणायचं, पण लांबून. जवळ जायची त्याला बंदी होती.

ही बातमी बायांना कळली. बायांना सगळं कळतं. मग कोणाचं मूल अंगावर पीत नसलं, कोणाला गाठी झाल्या, की भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना, मागचं दार उघडायचं आणि हलक्या आवाजात हाक जायची. पारबतामाय टोपली घेऊन जायची. उंबऱ्यापाशी बसायची, भोपळा पदरात घ्यायची आणि शिकवायची. मुलाला बोटही लावायची नाही. काम झालं की मागच्याच दारानं परत. बारशाच्या दिवशी तिला कोणी ओळखत नसे. परवा माझ्या नातीच्या बाळंतपणात दवाखान्यातल्या सिस्टरनं कापडाची बाहुली छातीशी धरून दाखवली, तेव्हा मी एकदम रडायलाच लागले. नात घाबरली, म्हणाली, आजी, काय झालं? आता काय सांगायचं तिला!

माझी मुलगी झाली तेव्हा सासूबाई त्यांच्या गावाहून, बीबीहून आल्या होत्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू. बाई प्रेमळ, पण भित्र्या. मी चिकाचं बोलले तर त्या नाही म्हणाल्या नाहीत, पण माझी मुलगी तोंडच लावीना. लावायची, सुटायची, रडायची. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी दूध आलं ते असं, की छाती दगड झाली आणि मला ताप भरला. मुलगी तर आता धरूच शकेना. मग सुईणीनं मुंगीची परीक्षा सांगितली. वाटीत दूध पिळायचं आणि त्यात एक मुंगी सोडायची. मुंगी जगली तर दूध चांगलं. मुंगी मेली.

"इखारी दूध हाये सूनबाई," आत्याबाई रडत म्हणाल्या. "पाजू नको गं माय, पाया पडते तुझ्या."

शेळीचं दूध वातीनं सुरू झालं. मुलगी ते ओकून टाकायची. चौथ्या दिवशी ती जास्त रडली, पाचव्या दिवशी रडायची थांबली. लोकांना वाटतं, मूल रडलं नाही की बरं. मी तिचं तोंड बघत होते आणि मला कळत होतं की ही चालली. भर दुपारी आत्याबाई उठल्या, त्यांनीच मागचं दार उघडलं आणि त्यांनीच हाक मारली.

पारबतामाय आली. उंबऱ्यावर थांबली.

"आत या," आत्याबाई म्हणाल्या. "पण पोरीला हात लावू नका हो."

"माहीत हाय मले," ती म्हणाली आणि दाराशी बसली.

आत्याबाईंनी मुंगीचं सांगितलं. पारबतामाय त्यांच्याकडं बघतच राहिली.

"बुडून मेली व बाई थे! इखानं नाई. तुमाले नदीत टाकलं तं तुमीबी मरसान. मंग नदी का इखारी झाली?"

 आत्याबाईंनी ती वाटी उचलली आणि धुवायला नेली. इतक्या तापातही मला हसू आलं, खोटं कशाला सांगू.

मग तिनं एरंडाची पानं चुलीवर गरम करायला लावली, ती मला शेकायला दिली. आधी थोडं दूध हातानं काढायला लावलं. "गच्च गाठोडं पोट्टी कशी धरीन? सैल कर जरा." मग भोपळा पदरात घेतला. तोवर ती मला 'तुमी' म्हणत होती, आता 'तू'वर आली.

"पोटाले पोट लाव तिच्या. अशी मान मोडून नोको. आता ओठाले लावून दे नुसतं. घाई नोको करू. तोंड उघडू दे. कवाड उघडल्याबिगर घरात घुसते का कोनी? मोठं उघडू दे… आता! हनवटी आंधी, नाक मोकळं. नाई लागलं? सोड. पुन्हा."

पुन्हा. पुन्हा. किती वेळा, मला सांगता येणार नाही. मी चिडले, मी रडले, मी म्हणाले, जमत नाही मला, मरू दे. ती म्हणाली, "मरू दे म्हनाले काई लागत नाई. मी चार डाव म्हतलं. लाव पुन्हा."

आणि लागलं. एकदम, आत ओढल्यासारखं. मला ठणका लागला आणि मग तो गेला. पारबतामाय दाराशीच होती, पोरीचा गळा हलतो का ते तिला तिथून दिसत नव्हतं. तिनं डोळे मिटले आणि कान दिला.  गुटुक, असा बारीकसा आवाज आला. थोड्या वेळानं आणखी एक.

"गिळून राह्यली," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती मांडीवरचा भोपळा थोपटत होती. मी तिच्याकडं बघून रडले ते आनंदानं की कशानं, मला आजही ठरवता येत नाही.

पुढं चार दिवस ती रोज दुपारी आली. मुलगी टवटवीत झाली, मुठी आवळून प्यायला लागली. चौथ्या दिवशी जाताना पारबतामाय उंबऱ्यावर घुटमळली. आत्याबाई बाहेर होत्या.

"मास्तरीनबाई, बारशाले मले बोलावजो." मग भाजीचा भाव सांगावा तसं सरळ म्हणाली, "एक डाव लेकरू मांडीवर घेईन म्हन्तो. जितं."

जितं. मेलेली चार तिनं घेतलीच होती मांडीवर.

मी म्हणाले, "हाव. बोलावीन. तुमच्याच मांडीवर देईन आधी."

आता माझ्यावरचा अर्धा संताप.

बारशाच्या आदल्या दिवशी मी आत्याबाईंना विचारलं. त्यांनी माझा हात धरला. "तिचे उपकार मी मरेपर्यंत फेडते म्हटलं तरी फिटायचे नाहीत. पण सूनबाई, बायाच येणार नाहीत ना मग. आणि पोरीला काही झालं तर?" त्यांचं ते शेवटचं वाक्य ऐकून मी गप्प बसले. शाळेत चाळीस पोरांना एका आवाजात गप्प करणारी मी. वाद घातला असता तर त्या कदाचित ऐकल्या असत्या. मी घातलाच नाही.

बारशाच्या दिवशी सकाळी मागच्या दाराच्या फटीतून मी पाहिलं. पारबतामाय डोक्यावरून न्हालेली होती. धुतलेलं हिरवं लुगडं नेसून ती कुंपणाशी बसली होती, तोंड आमच्या घराकडं. भाजी विकायला गेली नव्हती. आत पाळणा म्हणणं सुरू झालं, बाया हसत होत्या, नाव ठेवलं. ती बसूनच होती. दुपार झाली. शेवटी आत्याबाईंनी द्रोणात घुगऱ्या घेतल्या आणि कुंपणावरून तिच्या हातात दिल्या. तिनं द्रोण कपाळाला लावला, उठली आणि झोपडीत गेली.

दुसऱ्या दिवशी भाजी द्यायला आली.  ती म्हणाली, "घुगऱ्या चांगल्या शिजल्या होत्या." बस. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते.

आत्याबाई महिन्याभरानं बीबीला गेल्या. आता घरात अडवणारं कोणी नव्हतं. मुलगी मांडीवर, मागचं दार उघडं, पारबतामाय तिथं वीस पावलांवर वांगी तोडत असायची. तरी मी गेले नाही. आज अमावस्या, उद्या पोरीला सर्दी, परवा मलाच बरं नाही. पाच महिने. आता लपवून काय करायचं! मी घाबरत होते. शिकलेली, मास्तरीण, मुंगीवर हसलेली. तिनं जगवलेली माझी मुलगी तिच्या मांडीवर द्यायला मीच घाबरत होते.

मी गाव सोडल्यावर दोन वर्षांनी ती वारली. मला पत्रानं कळलं, तेही उशिरा. ते राहू द्या. मी तिला शेवटचं पाहिलं ते सांगते.

माझी बदली शेगावला झाली. हे न्यायला आले. शेगावकडं जाणारी मोटार मळ्याच्या कोपऱ्यावरच थांबायची, दिवसातून एकच. सामान रस्त्याकडेला ठेवलं, चार बायका निरोप द्यायला आल्या होत्या, आणि मला काय झालं कोण जाणे, मी मुलीला घेऊन तडक बांध ओलांडून मळ्यात गेले. पारबतामाय वाफ्यात खत घालत होती.

"पारबतामाय, घ्या हिला."

ती उभी राहिली. तिनं माझ्या खांद्यावरून रस्त्याकडं पाहिलं. "अठी? सगळ्याईच्या देखत?"

"सगळ्यांच्या देखत. घ्या."

तिचं तोंड कसं झालं ते मला लिहिता येत नाही. तिनं हात पुढं केले, मग त्यांच्याकडं पाहिलं आणि झटकन मागं घेतले. "खताचे हायेत. थांब व माय, थांब जरासीक. धुऊन येतो."

विहीर मळ्याच्या दुसऱ्या टोकाला. ती धावतच गेली. मी बघत होते. वाकून हात धुतले, पुन्हा धुतले, माती घेऊन घासले, पुन्हा पाणी घेतलं. तेवढ्यात मोटार आली. सामान वर चढलं. ह्यांनी हाक मारली. कंडक्टर ओरडायला लागला. मी दोन पावलं विहिरीकडं गेले. ह्यांनी येऊन माझा दंड धरला, म्हणाले, "अगं, दिवसाची एकच गाडी आहे." थांबा, मी येत नाही, उद्या येते, असं मला म्हणता आलं असतं. मी मोटारीत चढले.

मोटार सुटल्यावर मी खिडकीतून मागं पाहिलं. ती वाफ्यांमधून धावत येत होती. दोन्ही ओले हात तिनं पुढं धरले होते, लुगड्यालाही लागू न देता, पुन्हा मळू नयेत म्हणून. रस्त्यावर येऊन ती थांबली. हात तिनं तसेच धरून ठेवले होते.